माणसे फार की काम थोडे? : आयर्लंडची एकशे ऐंशी वर्षे

मजुरीच्या वाटाघाटींना आम्ही गेली तीस वर्षे बसत आलो आहोत. ह्या तीस वर्षांत मालक बदलले, कायदे बदलले, यंत्रे बदलली. परंतु एक वाक्य मात्र बदलले नाही. मागणी जरा नेटाने मांडली की समोरचा अधिकारी खिडकीकडे बोट करतो आणि म्हणतो, "गेटाबाहेर बघा. तुमच्या जागी यायला शंभर जण उभे आहेत." त्याच्या मते ह्या वाक्याला उत्तर नसते. आणि खरे सांगायचे तर आमच्यातील पुष्कळ कामगारांनाही ते मनातून पटलेले असते. सभा संपल्यावर ते आम्हांस बाजूला घेऊन विचारतात, "भाऊ, माणसेच इतकी झाली, तर काम पुरणार कुठून?"

प्रश्न वेडगळ नाही. भाकरी एक आणि खाणारे दहा, हे चित्र कोणालाही चटकन समजते. परंतु काम हे भाकरीसारखे एकदा भाजून ठेवलेले असते काय? देशातील माणसे निम्मी झाली, तर उरलेल्यांना काम दुप्पट मिळेल काय? असा प्रयोग कोणी शहाणा मनुष्य मुद्दाम करणार नाही. परंतु इतिहासाने तो एका देशावर करून पाहिला आहे. तो देश म्हणजे आयर्लंड होय.

आमचे शाळेतील शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात. आयर्लंडचे नाव आमच्या कानी पडले ते लोकमान्यांमुळे. १९१६ साली बेळगावात लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापन केली, तिचे नाव आयरिश चळवळीवरून घेतलेले होते. ते नाव कुठून आले हे शोधता शोधता आम्ही त्या देशाच्या खानेसुमारीच्या आकड्यांपर्यंत जाऊन पोचलो, आणि तेथेच अडकून राहिलो.

तीन आकडे

आयर्लंड हे इंग्लंडच्या पश्चिमेचे बेट. त्यात बत्तीस परगणे आहेत. त्यांपैकी सव्वीस परगण्यांचे आज स्वतंत्र प्रजासत्ताक आहे. ईशान्येचे सहा परगणे अद्याप ब्रिटनच्या राज्यात आहेत. तुलना सरळ व्हावी म्हणून पुढील आकडे आम्ही केवळ ह्या सव्वीस परगण्यांचे देत आहो.

१८४१ साली ह्या भूभागात ६५ लाख २८ हजार लोक राहत होते. १९६१ साली तेथे २८ लाख १८ हजार उरले. २०२२ साली ते ५१ लाख ४९ हजार झाले.

वाचकांनी क्षणभर ह्या आकड्यांवर थांबावे. युरोपातील बाकीच्या बहुतेक देशांची लोकसंख्या ह्या काळात दुप्पट, तिप्पट झाली. आयर्लंडची मात्र एकशे वीस वर्षांत निम्म्याहूनही कमी झाली. पुढील साठ वर्षांत ती जवळजवळ दुप्पट झाली, आणि तरीही आज ती १८४१ च्या आकड्याला पोचलेली नाही.

आता प्रश्न असा की, माणसे कमी होत असताना काम पुरले काय?

बटाटा, खंड आणि दहा गुंठे

दुष्काळापूर्वीच्या आयर्लंडमध्ये जमीन मोठ्या जमीनदारांच्या हाती होती. त्यांतील कित्येक इंग्लंडात राहत. त्यांच्या खाली मध्यस्थ, मध्यस्थांच्या खाली कुळे, आणि कुळांच्या खाली तुकडाभर जमिनीवर बटाटे लावून जगणारा मजूर, अशी उतरंड होती. गहू, ओट, लोणी आणि डुकरे हे विकून खंड भरायचा, पोटाला बटाटा. बटाट्याचे वैशिष्ट्य असे की, अगदी थोड्या जमिनीत तो कुटुंबाचे पोट भरतो. त्यामुळे मजुराला रोख मजुरी देण्याऐवजी जमिनीचा तुकडा देऊन भागत असे. घरोघरी बायका सूत काततात तेवढी जोड होती. तीही यंत्राच्या सुतापुढे १८४० पूर्वीच बहुतेक ठिकाणी बुडाली. सुमारे तीस लाख लोकांचे जीवन एका पिकावर टांगलेले होते.

१८४५ च्या शरद ऋतूत बटाट्यावर करपा पडला. १८४६ साली जवळजवळ सगळे पीक शेतातच सडले. सरकारने दुष्काळी कामे काढली. १८४७ च्या मार्चमध्ये त्यांवर सात लाखांहून अधिक माणसे खडी फोडीत होती. थोड्याच महिन्यांत ती कामे बंद झाली. काही काळ सूपकेंद्रे चालली, मग तीही बंद झाली. धान्य व जनावरे परदेशी जाण्यास बंदी घालावी ही मागणी सरकारने मानली नाही, कारण व्यापारात हात घालू नये असे तेव्हाचे अर्थशास्त्र होते. १८४७ च्या कायद्याने असेही ठरविले की, ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा अधिक जमीन असेल त्याला मदत मिळणार नाही. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. पोटासाठी जमीन सोडा, किंवा जमिनीसाठी उपाशी मरा, असा तो पेच होता.

ह्या मदतकार्याचा कारभार लंडनच्या खजिन्यातील ज्या अधिकाऱ्याच्या हाती होता, ते चार्ल्स ट्रेव्हेलियन पुढे १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर म्हणून आणि नंतर हिंदुस्थान सरकारचे अर्थमंत्री म्हणून इकडे आले. एकाच कारभाराची ही दोन दालने होती.

पाच-सहा वर्षांत साऱ्या बेटावर सुमारे दहा लाख माणसे उपासाने व तापाने मेली. दहा लाखांहून अधिक बोटींत बसून निघून गेली.

माणसे गेली, कामही गेले

'माणसे फार' हाच रोग असता, तर इतक्या भयंकर औषधानंतर तो बरा व्हायला हवा होता. एका बाबतीत थोडा गुण आला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मागे राहिलेल्या शेतमजुराची मजुरी पुढील दशकांत वाढली, घरे थोडी बरी झाली. हे आम्ही लपवीत नाही.

परंतु काम वाढले नाही. रिकाम्या झालेल्या जमिनींवर जमीनदारांनी व मोठ्या कुळांनी गवत वाढू दिले आणि गुरे सोडली, कारण इंग्लंडच्या शहरांत मांसाला भाव होता. नांगराला दहा हात लागतात, कुरणाला दोन पुरतात. माणसे गेली म्हणून कुरणे झाली, आणि कुरणे झाली म्हणून आणखी माणसे गेली. शेतकऱ्यांनी आपली वहिवाटही बदलली. जमीन वाटायची नाही, एकाच मुलाला द्यायची. बाकीच्यांनी वाट धरायची. १८८१ पासूनच्या आणि विशेषतः १९०३ च्या कायद्याने कुळे जमिनीची मालक झाली. हा मोठाच विजय होता. परंतु धाकट्या मुलांचा व मुलींचा प्रश्न त्याने सुटला नाही. त्यांच्यासाठी गावात शेत नव्हते आणि शहरात कारखाना नव्हता.

दुष्काळानंतरच्या सत्तर वर्षांत बेटावरून चाळीस लाखांहून अधिक लोक परदेशी गेले. त्यांत एकट्या, अविवाहित मुलींची संख्या पुरुषांच्या जवळपास होती. युरोपातील दुसऱ्या देशांतून अशा मुली इतक्या प्रमाणात गेल्या नाहीत. अमेरिकेतील घरांत त्यांनी भांडी घासली आणि तिकिटाचे पैसे पाठवून पाठच्या बहिणीला बोलावून घेतले. निघण्याच्या आदल्या रात्री घरी शेजारीपाजारी जमत, गाणी होत, आणि पहाटे रडारड होई. मयतासाठी रात्र जागवण्याची तिकडे जी चाल होती, तिचेच नाव ह्या रात्रीलाही पडले होते. कारण गेलेला बहुधा परत दिसत नसे. अमेरिकेच्या पत्रातून पैसे येत आणि खंड भागे. कोकणातील ज्या घरांनी मुंबईच्या मनिऑर्डरीवर दिवस काढले, त्यांना हे समजावून सांगण्याची जरूर नाही.

येथे आमच्या धंद्यातील एक गोष्ट आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो. गावातून जातो तो बहुधा तरुण, धडधाकट आणि अस्वस्थ मनुष्य. म्हणजे जो सभा भरविणार, गाऱ्हाणे मांडणार, तोच बोटीत बसतो. मागे उरलेल्यांचे दडपण तेवढे हलके होते आणि राज्यकर्त्यांवरील दडपणही हलके होते. देशांतर हा पुष्कळदा सुधारणा पुढे ढकलण्याचा स्वस्त मार्ग ठरतो.

आणि जे गावातून निघून डब्लिनपर्यंतच पोचले, त्यांचे काय? गोदीच्या दारात रोज सकाळी ते उभे राहत. काही आत घेतले जात, बाकीचे परत पाठविले जात. १९१३ साली जिम लार्किन आणि जेम्स कॉनोली ह्यांच्या नेतृत्वाखाली हे कामगार संघटित झाले, तेव्हा मालकांनी युनियन सोडल्याचे लिहून मागितले आणि सुमारे वीस हजार कामगारांना टाळेबंदी सोसावी लागली. पाच-सहा महिन्यांनी उपासाने त्यांचा पराभव झाला. देशाची लोकसंख्या तोवर निम्मी झाली होती; गेटाबाहेरचे शंभर जण मात्र होते तेथेच होते.

स्वराज्य आले, बोटी थांबल्या नाहीत

१९२२ साली सव्वीस परगण्यांना स्वराज्य मिळाले. बेलफास्टची जहाजे व लिननचे कापड, म्हणजे बेटावरील मुख्य कारखानदारी, सीमेपलीकडे राहिली. १९२६ च्या खानेसुमारीत सुमारे १२ लाख २० हजार लोक कामावर होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक शेतीत. १९३२ नंतर परदेशी मालावर जकाती बसवून देशी कारखाने उभारण्याचा यत्न झाला. काही हजारांना काम मिळाले; परंतु तीस लाखांच्या बाजारात कारखान्याला वाढायला जागा थोडी, आणि शेतीतून माणसे त्याहून वेगाने बाहेर पडत होती.

१९५१ ते १९६१ ह्या दहा वर्षांत, येणारे वजा करता, सुमारे चार लाख लोक देश सोडून गेले. बहुतेक इंग्लंडात गेले. पुरुष रस्ते आणि इमारती बांधायला, मुली इस्पितळांत नर्स म्हणून. १९६१ साली कामावरील लोक सुमारे साडेदहा लाख उरले. लग्ने उशिरा होत, कित्येकांची होतच नसत. सरकारने १९४८ साली देशांतराच्या चौकशीसाठी कमिशन नेमले होते, त्याने १९५४ साली अहवाल दिला. आयरिश लोक नाहीसे होत चालले आहेत, अशा अर्थाच्या नावाचे पुस्तकही त्याच सुमारास निघाले.

हा प्रयोगाचा निकाल होय. ६५ लाखांचे २८ लाख झाले. भाकरीचा हिशेब खरा असता, तर १९६१ च्या आयर्लंडमध्ये कामगार शोधून सापडला नसता. प्रत्यक्षात उरलेल्या २८ लाखांतही तरुणाला काम नव्हते. कारण प्रत्येक मनुष्य काम घेतो तसा तो कामाला जन्मही देतो. तो जोडे घालतो, घर बांधतो, मुलाला शाळेत पाठवितो. तो गेला की चांभार, गवंडी आणि मास्तर ह्यांचे गिऱ्हाईक जाते. मग तेही त्याच्यामागे निघतात.

वळण

१९५८ साली अर्थखात्याचे सचिव टी. के. व्हिटेकर ह्यांनी देशाच्या आर्थिक विकासावर एक अहवाल लिहिला, आणि पुढल्या वर्षी पंतप्रधान झालेले शॉन लेमास ह्यांनी तो अमलात आणण्याचे मनावर घेतले. जकातीच्या भिंती हळूहळू उतरविल्या, निर्यातीसाठी परदेशी कारखाने बोलाविले, १९६५ साली ब्रिटनशी व्यापाराचा करार केला. १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. १९७३ च्या जानेवारीत देश युरोपच्या सामाईक बाजारात शिरला. ब्रिटन हे एकच गिऱ्हाईक असण्याचे दिवस संपले. त्याच वर्षी आणखी एक दार उघडले. तोवर सरकारी नोकरीतील स्त्रीला लग्न होताच राजीनामा द्यावा लागत असे. ती अट १९७३ साली रद्द झाली.

१९६६ च्या खानेसुमारीत लोकसंख्या वाढलेली दिसली. १९७० नंतर तर गेलेले लोक मुलाबाळांसह परत येऊ लागले. १९८० साली देशात ७४ हजार मुले जन्मली.

परंतु रस्ता सरळ नव्हता. तेलाचे भाव, सरकारी कर्ज आणि जुन्या कारखान्यांचा ऱ्हास ह्यांमुळे १९८० नंतरचे दशक फार वाईट गेले. १९८६-८७ साली शंभरांत सुमारे सतरा बेकार होते. कामावरील लोकांचा आकडा अकरा लाखांच्या आसपास, म्हणजे १९२६ पेक्षाही कमी होता. १९८६ ते १९९१ ह्या काळात लोकसंख्या पुन्हा घटली. शिकलेली मुले पदवी घेऊन विमानात बसू लागली. देश लहान आहे, तो सर्वांना कसा पोसणार, असे तेव्हा पुन्हा बोलले जाऊ लागले.

मग पुढे काय झाले ते पाहा. १९८७ साली सरकार, मालक आणि युनियन ह्यांनी तीन वर्षांचा करार केला. पगारवाढ माफक, त्याबदली करात सवलत आणि रोजगाराला प्राधान्य. असे करार पुढे वीस वर्षे होत राहिले. ह्या करारांत कामगारांचे हित किती आणि नुकसान किती, ह्यावर तेथील युनियनांत मतभेद होते, आणि राष्ट्रीय उत्पन्नातील मजुरीचा वाटा घसरला ही टीका खरी आहे. युरोपकडून रस्ते व शिक्षण ह्यांसाठी पैसा आला. करांच्या सवलतीमुळे अमेरिकन कंपन्या आल्या. मोफत शाळांतून शिकलेली तरुण पिढी तयार होती. कामावरील लोक १९९३ साली सुमारे बारा लाख होते, २००० साली सोळा लाखांवर गेले आणि २००७ साली एकवीस लाखांच्या पुढे गेले.

१९८७ साली ज्या तरुणाला 'जादा' म्हणून इंग्लंडात पाठविले, त्यालाच १९९९ साली 'माणसे कमी पडतात, परत ये' म्हणून बोलावले. मनुष्य तोच, त्याचे दोन हात तेच. बदलले ते त्याच्याभोवतीचे काम. तेव्हा 'जादा' हा त्या माणसाचा गुणधर्म कधीच नव्हता.

नवे लोक, जुना प्रश्न

२००४ साली पूर्व युरोपातील देश युरोपीय संघात आले, तेव्हा आयर्लंडने त्यांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दार उघडले. २०११ च्या खानेसुमारीत पोलंडचेच एक लाख वीस हजारांवर नागरिक मोजले गेले. जो देश दीडशे वर्षे माणसे पाठवीत होता, त्याच्या दारात आता दुसऱ्यांची मुले उभी होती.

आणि गेटाबाहेरच्या शंभर जणांचे वाक्य लगेच पुन्हा ऐकू आले. २००५ साली एका जहाज कंपनीने आपल्या खलाशांना काढून त्यांच्या जागी पूर्व युरोपातील कंत्राटी माणसे फार कमी मजुरीवर घेण्याचे ठरविले. डिसेंबरमध्ये देशभर प्रचंड मोर्चे निघाले. आम्हांस त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, युनियनांनी 'परक्यांना हाकला' ही मागणी केली नाही. जो कोणी ह्या जहाजावर काम करील त्याला कायद्याने ठरलेल्या किमान वेतनाहून कमी मिळता कामा नये, असे त्या म्हणाल्या. जुन्या नोकऱ्या पुष्कळशा गेल्या. परंतु किमान वेतनाची अट कंपनीला मान्य करावी लागली.

२००८ साली घरांच्या सट्ट्याचा फुगा फुटला. बँका बुडू लागल्या, २०१० साली परक्या कर्जासाठी हात पसरावा लागला, २०१२ साली बेकारी शंभरांत पंधरावर गेली. तरुण पुन्हा ऑस्ट्रेलियाला आणि कॅनडाला निघाले. ह्या खेपेसही कारण माणसांची संख्या नव्हती. बँकांनी घरांवर उधळलेले कर्ज आणि त्यावर उभे केलेले काम एकदम कोसळले होते.

तेथूनही देश सावरला. २०२३ साली सव्वीस लाखांहून अधिक लोक कामावर होते, त्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया. शेतीत शंभरांत चारच्या आसपास उरले. २०२२ साली दर पाच रहिवाशांत एक परदेशात जन्मलेला होता. भारतीय नागरिक पंचेचाळीस हजारांच्या वर होते, त्यांत इस्पितळांतील नर्स आणि संगणकाचे कामगार पुष्कळ. एके काळी ज्या देशाच्या मुली इंग्लंडच्या इस्पितळांत गेल्या, त्याच्या इस्पितळांत आज आपल्या मुली काम करतात. नव्या काळज्याही आहेत. घरे अपुरी व महाग आहेत, थोड्या परदेशी कंपन्यांच्या करावर सरकार फार विसंबून आहे, आणि दर स्त्रीमागे मुलांचे सरासरी प्रमाण दीडच्या आसपास आले असल्याने उद्या म्हाताऱ्यांना सांभाळणार कोण, हा विचार सुरू झाला आहे. एकशे ऐंशी वर्षांपूर्वी 'मुले फार' ही तक्रार होती, आज 'मुले थोडी' ही आहे.

आपण काय घ्यावे

आयर्लंड लहान आहे आणि भारत अफाट आहे. मोठ्या बाजाराला चिकटून वाढणे लहान देशाला जमते, तसे मोठ्याला जमत नाही. जमीन व पाणी ह्यांना मर्यादा आहेत. कुटुंब किती मोठे असावे हे ठरविण्याचा हक्क प्रत्येक स्त्रीला हवा, हेही आम्ही मानतो. लोकसंख्या कितीही वाढली तरी चिंता नाही, असा आमचा दावा नाही.

आमचा दावा एवढाच आहे की, बेकारीचे कारण म्हणून माणसांच्या डोक्यांकडे बोट दाखविले की खरी कारणे नजरेआड होतात. आयर्लंडमध्ये ती कारणे एकामागून एक अशी होती : जमीन थोड्यांच्या हाती, एकच पीक, नांगराच्या जागी कुरण, एकच गिऱ्हाईक, गरिबाच्या मुलाला बंद शाळा, लग्न झालेल्या बाईला बंद कचेरी, आणि शेवटी बँकांचा सट्टा. ह्यांतील प्रत्येक गोष्ट माणसांनी केलेली होती. जेथे माणसांनी ती सुधारली तेथे काम वाढले, आणि जेथे सुधारली नाही तेथे लोकसंख्या निम्मी होऊनही बेकारी हटली नाही.

म्हणून समोरच्या अधिकाऱ्याने पुन्हा खिडकीकडे बोट केले, तर आम्ही खिडकीबाहेर अवश्य पाहू. तेथे शंभर जण उभे आहेत हे खरे आहे. परंतु ते कोण आहेत, कोणत्या गावाहून आले, तेथील शेत, गिरणी किंवा शाळा कशी बंद पडली, हे आम्ही त्यांस विचारू. त्यांस सभासद करून घेऊ. आणि मग टेबलाशी परत येऊन सांगू की, साहेब, बाहेरचे शंभर आणि आतले आम्ही, आमचा दर एकच आहे, आता बोला.